वॅक्सच्या आधी पेंट क्लीनर: गाडीला कधी लागतो आणि कधी त्याला हातही लावू नये?

रविवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुतली, ऑनलाइन मागवलेला वॅक्सचा डबा उघडला, खांदा भरून येईपर्यंत घासलं. गाडी चकाकली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. सोमवारी तीच गाडी ऑफिसबाहेर उन्हात लावली आणि बघतो तर काय, बॉनेटवर पाण्याचे पांढरे गोल जिथल्या तिथे. छतावर कावळ्याने केलेली नक्षीही तशीच. फक्त आता तीही चकाकतेय.

यात वॅक्सची काही चूक नाही. वॅक्स साफसफाईसाठी नसतंच मुळी. मार्कशीटवर चहाचा डाग पडलेला असताना ती लॅमिनेशनला दिली, तर डाग जात नाही, तो आत सुरक्षित राहतो. गाडीचंही तसंच. डाग काढायचं काम वॅक्सच्या आधी करावं लागतं आणि त्यासाठी जी बाटली मिळते ती पेंट क्लीनर. काही कंपन्या तिला प्री-वॅक्स क्लीनर किंवा पेंट क्लेन्झर म्हणतात.

पण ती दरवेळी वापरायची नसते. का, ते समजायला गाडीच्या रंगाकडे जरा बघावं लागेल.

आजच्या गाड्यांचा रंग म्हणजे एकावर एक दिलेले थर. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण हात फिरवतो तो रंगावर नाही, या क्लिअर कोटवर. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ऊन, पाऊस, धूळ हे सगळं तो अंगावर घेतो. बहुतेक पेंट क्लीनरमध्ये तेलकट थर विरघळवणारं रसायन असतं आणि सोबत अगदी बारीक घासणारे कण. हे कण क्लिअर कोटचा नखाएवढाही नाही, पण थोडासा भाग नेतात. गेलेला भाग परत येत नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा वापरला तर बिघडत नाही. दर महिन्याला वापरला, तर काही वर्षांनी रंगारी गाठावा लागतो.

मग आपल्या गाडीला गरज आहे की नाही हे ओळखायचं कसं?

आधी गाडी नीट धुवायची आणि पुसून कोरडी करायची. नंतर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवर अलगद फिरवायची. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर उत्तम. रवा सांडल्यासारखं खरखरीत लागलं तर रंगात काहीतरी रुतून बसलंय. ब्रेक लावताना उडणारी लोखंडाची भुकटी, डांबराचे बारीक शिंतोडे, शेजारच्या बांधकामावरचं सिमेंट, असं काहीही असू शकतं. रेल्वे रुळांलगत रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात, तीही लोखंडाचीच कृपा.

इथे बरेच जण थेट क्लीनर उचलतात आणि गोंधळ होतो. वर उठून आलेली खरखर काढायचं काम क्ले बारचं, म्हणजे त्या चिकणमातीसारख्या वडीचं. वडी आणि पृष्ठभाग ओला ठेवून ती हलक्या हाताने फिरवली की कण तिला चिकटून निघतात. वडी जमिनीवर पडली तर मात्र सरळ फेकून द्यायची. धुऊन पुन्हा वापरली तर तिच्यात घुसलेली वाळू अख्ख्या दरवाज्यावर रेघा ओढते. क्ले झाल्यावरही जे उरतं ते क्लीनरचं गिऱ्हाईक. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, पण डाग दिसतोय, रंग फिका वाटतोय किंवा धुरकट पडदा आल्यासारखा आहे, तेव्हा बाटली उघडायची.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गाड्यांना क्लीनरची गरज पडते ती बोअरच्या पाण्यामुळे. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली की पाणी उडून जातं आणि क्षार गोल करून बसतात. डाग ताजा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून त्याने पुसला आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुतला तरी निघतो. महिना-दोन महिने झाले असतील तर क्लीनर लागतो. आणि क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खळगाच पाडला असेल, तर मशीनवर पॉलिश करण्यावाचून इलाज नाही.

पाखरांच्या विष्ठेचं गणित थोडं वेगळं. तिच्यातलं आम्ल त्रास देतंच, शिवाय उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि गाडी गार झाली की वाळलेल्या विष्ठेभोवती आकसून घट्ट होतो. त्यामुळे विष्ठा धुतली तरी तिचा छाप उरतो. फिका छाप क्लीनरने जातो, खोल नाही. म्हणून पिंपळाखाली किंवा वडाखाली गाडी लावणाऱ्यांनी त्याच दिवशी ओल्या कापडाने डाग भिजवून उचलावा. कोरडा खरवडू नये.

दसऱ्याचं काय? बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं, झेंडूची माळ चढते आणि पूजा झाली की गाडी तशीच दोन दिवस फिरते. पांढऱ्या गाडीवर पिवळी छटा राहते आणि मालक घाबरतो. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडत जातो, त्यामुळे धुऊन आठवडाभर वाट पाहिली तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो, तो चिवट. तिथे क्लीनरचा एक हात कामी येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे दसऱ्याच्या दोन दिवस आधी वॅक्स करून ठेवणं. मग हळद-कुंकू वॅक्सवर बसतं, रंगावर नाही. लिंबू मात्र चाकाखालीच ठेवा, त्याचा रस बॉनेटवर वाळू देऊ नका.

आणखी एक प्रसंग: गाडीवर आधीचं काहीतरी माखलेलं असणं. जुनं वॅक्स, रस्त्यावर मिळणारं झटपट चमक देणारं सिलिकॉनचं पॉलिश, नाहीतर पुसणाऱ्याने बादलीत घातलेलं रॉकेल किंवा डिझेल. होय, आजही काही ठिकाणी हे चालतं. गाडी काळीभोर दिसते आणि संध्याकाळपर्यंत गावभरची धूळ गोळा करते. अशा तेलकट थरावर नवं वॅक्स धरत नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि तिच्यावर आधी काय-काय फासलंय ते कळत नसेल, तर पहिल्या वॅक्सआधी एकदा क्लीनर वापरणं शहाणपणाचं.

जुन्या अॅम्बॅसिडर किंवा पद्मिनीवर क्लीनर वापरला आणि कापडाला गाडीचा रंग लागला तर दचकू नका. त्या काळच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे, म्हणून वरचा उन्हाने मेलेला थर कापडावर येतो. तो निघणं हीच तर क्लीनरची करामत. नव्या गाडीवर मात्र कापड रंगलं, तर हात तिथेच थांबवा.

आता क्लीनर कुठे वापरायचा नाही ते. नवी कोरी गाडी गुळगुळीत असेल तर थेट वॅक्स करा. सिरॅमिक कोटिंग चांगलं असेल तर क्लीनरचे कण तेच कोटिंग झिजवतील, म्हणजे हजारो रुपये आपल्याच हाताने पुसून टाकणं. मॅट रंगाच्या गाडीला ना क्लीनर, ना वॅक्स. घासलेली जागा चमकू लागते आणि तो चट्टा परत मॅट होत नाही. क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील तर तिथे काहीही चोळू नका, कडा आणखी उचकटतील. नुकताच डेंटिंग-पेंटिंग केलेला पॅनेल रंगाऱ्याने सांगितलेले दिवस तसाच ठेवायचा. रंग आतून वाळायला वेळ घेतो. आणि चरा नखाला अडकत असेल तर तो क्लीनरच्या आवाक्यातला नाही.

डब्यावर क्लीनर वॅक्स असं लिहिलंय का तेही बघा. त्यात दोन्ही कामं एकत्र असतात, वेगळी बाटली घ्यायची गरज नाही. दोन्ही कामं थोडी थोडीच होतात, पण ज्याच्याकडे रविवारचा एकच तास आहे त्याला ते पुरतं.

वापरायची पद्धत अवघड नाही. गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. बॉनेटवर हात ठेववत नसेल तर संध्याकाळ होऊ द्या. आधी दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात थोडं लावून बघा. फोमच्या पॅडवर दहा रुपयांच्या नाण्याएवढा क्लीनर घ्या, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट जागा करा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. बंपरवरच्या काळ्या प्लास्टिकला चिकटपट्टी लावा, नाहीतर पांढरे डाग बसतात. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर जोर लावू नका, तिथे रंग मुळातच पातळ असतो. अख्ख्या गाडीला गरज नसेल तर फक्त छत आणि बॉनेट करा. ऊन तिथेच जास्त लागतं.

क्लीनर फिरवला की जुनं वॅक्सही निघून जातं, रंग उघडा पडतो. त्यामुळे वॅक्स त्याच दिवशी करायचं. कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलमधल्या एका पाम वृक्षाच्या पानांवरचं मेण, आपल्या उन्हात दोन-तीन महिने साथ देतं. पाण्याचे मणी व्हायचे थांबले आणि पाणी पसरायला लागलं की पुन्हा वॅक्सची वेळ आली. तेव्हाही आधी पिशवीतला हात फिरवून बघायचा. गुळगुळीत असेल तर बाटली कपाटातच राहू द्या.

वॉशिंग सेंटरला गाडी देत असाल तर रबिंग हा शब्द ऐकला की एक प्रश्न विचारा: हाताने क्लीनर लावणार की मशीनवर कंपाउंड? कंपाउंड क्लीनरपेक्षा कितीतरी जास्त कापतं. दर सर्व्हिसिंगला पॅकेजमध्ये रबिंग घालून देणारे असतात आणि गाडी घरी येते तेव्हा झकास दिसते. पण उद्या गाडी विकायला काढली आणि घेणाऱ्याने रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र बॉनेटला लावलं, तर ते किती मायक्रॉन उरलेत ते आकड्यात सांगतं.