गुरुवारची संध्याकाळ

मनुष्याचा दिवस पोटासाठीं खर्च होतो. त्याची संध्याकाळ मात्र बऱ्याच अंशीं त्याच्या समाजाची असते. शेत, शाळा किंवा कचेरी यांतून सुटल्यावर जे दोन-तीन तास त्याच्या हातीं उरतात, त्यांतच तालमी घुमतात, भजनें होतात, वाचनालयांतले दिवे लागतात आणि शेजारी शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतो. हे तास आतां पडद्यानें गिळले, अशी तक्रार आज घरोघर ऐकूं येते. आणि प्रत्येक घर ती आपापल्या इच्छाशक्तीची बाब समजून मुलांना रागें भरतें, चार दिवस नियम पाळतें व पांचव्या दिवशीं तो मोडतें. हे उपाय कां टिकत नाहींत, याचा विचार करतांना इतिहासाचें साह्य घेणें इष्ट आहे. कारण पडद्याच्या हातून संध्याकाळ सोडवून घेण्याचे प्रयत्न मोबाइलच्या पुष्कळ आधींपासून झालेले आहेत, आणि त्यांतले कांहीं सबंध राष्ट्रांनीं व सबंध गांवांनीं केलेले आहेत.

पहिलें उदाहरण इंग्लंडचें. दुसऱ्या महायुद्धानंतर बी.बी.सी.नें आपली दूरचित्रवाणी पुन्हा सुरू केली, तेव्हां सायंकाळीं 6 ते 7 हा तास ती कोरा ठेवीत असे. मुलांचे कार्यक्रम संपावे, आयांनीं लहानग्यांना निजवावें, थोरल्यांनीं अभ्यासाला बसावें आणि मग प्रौढांचे कार्यक्रम सुरू व्हावे, असा त्यांतला हेतु होता. लोकांनीं या तासाला विनोदानें बाळगोपाळांचा तह असें नांव दिलें. परंतु 1955 च्या सप्टेंबरांत जाहिरातींवर चालणारी स्वतंत्र दूरचित्रवाणी निघाली, आणि तिच्या दृष्टीनें हा रिकामा तास म्हणजे रोजचा तोटाच होता. अखेर 16 फेब्रुवारी 1957 रोजीं हा तह संपला आणि त्याच सायंकाळीं त्या जागीं तरुणांसाठीं संगीताचा कार्यक्रम येऊन बसला. घराच्या शिस्तीसाठीं राखलेला हा तास प्रत्येक घराच्या चार भिंतींआड पाळला जात होता. त्याच्याभोंवतीं एखादी सभा, एखादा मेळा उभा राहिलेला नव्हता. म्हणून व्यापाराचा धक्का बसतांच त्याची बाजू घेणारें कोणी बलवान् उरलें नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें उदाहरण आइसलंडचें आहे, आणि तें अधिक मनोरंजक आहे. उत्तर अटलांटिकमधील या लहानशा देशानें 30 सप्टेंबर 1966 रोजीं स्वतःची दूरचित्रवाणी सुरू केली. आरंभीं आठवड्यांतले थोडेच दिवस ती चाले. पुढें दिवस वाढत सहा झाले. सातवा, म्हणजे गुरुवार, मात्र मोकळा राहिला. इतकेंच नव्हे, तर 1983 पर्यंत सबंध जुलै महिना ती बंद असे. यांत केवळ उदात्त तत्त्वज्ञान होतें असें कोणी समजूं नये. संस्था लहान, माणसें थोडीं, आणि त्यांनाहि विसावा व रजा हवी होती. परंतु सोयीसाठीं सुरू झालेल्या गोष्टींतून कधीं कधीं रूढि जन्मास येते. गुरुवार हा भेटीगांठींचा, पाहुणचाराचा वार मानला जाऊं लागला. 1986 च्या ऑक्टोबरांत तेथें खाजगी वाहिनी निघाली, आणि पुढच्याच वर्षीं, 1 ऑक्टोबर 1987 रोजीं, सरकारी दूरचित्रवाणीनेंहि गुरुवारचा रिकामा वार भरून काढला.

एकवीस वर्षें टिकलेल्या या रूढीचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. गुरुवारीं पडद्यापासून दूर राहण्याकरितां कोणा गृहस्थाला मनाशीं झगडावें लागत नव्हतें. मित्राकडे गेलों तर तो कार्यक्रमांत गुंतलेला असेल, ही धास्तीहि नव्हती. एकट्यानें पडदा बंद करणें म्हणजे सर्व आळी आंत बसलेली असतांना स्वतः रस्त्यावर जाऊन उभें राहणें होय. सर्वांनीं एकाच वेळीं तो बंद केला, तरच रस्त्यावर दुसरें कोणी भेटतें.

जें गमावलें जातें त्याचें मोल काय, याचा कांहीं पुरावा कॅनडांतून मिळतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील एका गांवीं, तें दरींत वसलेलें असल्यामुळें, 1973 पर्यंत दूरचित्रवाणीचें चित्र पोहोंचतच नव्हतें. तें पोहोंचण्यापूर्वीं व त्यानंतर दोन वर्षांनीं तॅनिस मॅकबेथ विल्यम्स या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं त्या गांवाची पाहणी केली, आणि जेथें दूरचित्रवाणी पूर्वींपासूनच होती अशा दुसऱ्या दोन गांवांशीं त्याची तुलना केली. त्या अभ्यासाचा ग्रंथ 1986 मध्यें प्रसिद्ध झाला. पडदा आल्यावर खेळ, मंडळें व सभा-समारंभ यांतील लोकांचा भाग कमी झाला. मुलांच्या कल्पकतेच्या चांचण्यांत हें गांव आधीं सरस होतें, तें इतर दोघांच्या पातळीस उतरलें. मंडळें सोडा असें तेथें कोणीं कोणास सांगितलें नव्हतें. दोन वर्षांत, कोणाचा वाईट हेतु नसतांना, हें घडून आलें.

येथें एक शंका उपस्थित होते. पडद्याचाच उपयोग करून लोकांना पडद्यापासून उठवितां येणार नाहीं काय? गांवांतील व्याख्यानें, खेळ, वाचनालयें व सहली यांची माहिती एकत्र करून, मोबाइल खालीं ठेवा व येथें जा, असें सांगणारें संकेतस्थळ आज कोणी बांधूं म्हणेल, तर त्याची ही कल्पना नवी नाहीं. बी.बी.सी.नें 1973 मध्यें शाळेच्या सुट्टींतील मुलांसाठीं 'व्हाय डोंट यू?' हा कार्यक्रम सुरू केला. दूरचित्रवाणी बंद करून याहून कमी कंटाळवाणें असें कांहीं कां करीत नाहीं, हा प्रश्न त्याच्या पूर्ण नांवांतच होता! निरनिराळ्या शहरांतील मुलें त्यांत खेळ व हस्तकौशल्याचे प्रयोग दाखवीत. तो 1995 पर्यंत चालला. त्यांतला विरोधाभास उघड आहे: जो कार्यक्रम खरोखर यशस्वी होईल, त्याचा प्रेक्षक उठून गेलेला असेल. म्हणून अशा साधनाची परीक्षा त्यावर लोक किती वेळ खिळले यावरून न करतां, किती लौकर उठून बाहेर पडले यावरून केली पाहिजे. आणि बाहेर पडल्यावर दार उघडें असलेली जागा नसेल, तर माहिती कितीहि सुरेख मांडली तरी ती व्यर्थच होय.

आपल्याकडील एका गांवानें हें ओळखलें आहे. सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून गांव आहे. साथीच्या काळांत शिक्षण मोबाइलवर आलें. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातांतला मोबाइल सुटेना. तेव्हां 2022 च्या ऑगस्टांत, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ग्रामसभेनें ठराव केला कीं, सायंकाळीं 7 वाजतां देवळावरील भोंगा वाजावा आणि 8॥ पर्यंत गांवांतील टेलिव्हिजन व मोबाइल बंद राहावे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनीं घरोघर जाऊन लोकांचें मन वळविलें. मुलांनीं अभ्यास करावा व मोठ्यांनीं परस्परांशीं बोलावें, एवढीच अपेक्षा. आइसलंडचा वार होता, वडगांवनें दीड तासाची वेळ ठरविली. तत्त्व एकच, कीं नियम गांवाचा असावा.

मात्र नुसता भोंगा पुरेसा नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें. त्याच्या 97 वर्षें आधीं, 1875 त, न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्यांत वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि त्याहिपूर्वीं, 1848 त, तेथें सार्वजनिक वाचनालय निघालें होतें. त्या पिढीपुढें पडद्याचें संकट नव्हतें. पण संध्याकाळ आपोआप सत्कारणीं लागत नाहीं, तिच्यासाठीं जागा, वेळ व निमित्त निर्माण करावें लागतें, हें तिला पक्कें ठाऊक होतें. आजाऱ्याला व एकाकी वृद्धाला पडदा हाच सोबती असतो, हेंहि विसरून चालणार नाहीं. पण त्यांचीहि खरी गरज दारांत येणाऱ्या माणसाची असते.

तेव्हां मुलांना दोष देण्यापूर्वीं आपण वडील माणसांनीं स्वतःस विचारावें: आपल्या आळींत संध्याकाळीं 7 वाजतां मुलानें उठून जावें असें ठिकाण कोणतें उघडें आहे? उत्तर देतां येत नसेल, तर आळींतल्या चार घरांनीं मिळून आठवड्यांतली एक संध्याकाळ ठरवावी, आणि त्या संध्याकाळीं एका घराचा दरवाजा उघडा ठेवावा. आरंभाला तेवढें पुरें आहे.