घुश्मेचा देव

देवस्थानांचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास शिलालेख, ताम्रपट व दानपत्रें हीं साधनें प्रथम हवींशीं वाटतात, आणि तीं हातीं आलीं म्हणजे माहात्म्यकथांकडे तो थोड्याशा कीवेनें पाहूं लागतो. इंग्रजी विद्येच्या शाळेंत जे इतिहास शिकले, अशा आम्हां लोकांना तर ही खोड अधिकच. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या बाबतींत मात्र कथा बाजूस सारली तर इतिहासाचा निम्मा भाग हातून निसटतो, असें आम्हांस वाटतें. आणि निसटणारा तो भाग स्त्रियांचा आहे.

छत्रपति संभाजीनगराहून (२०२३ पर्यंतच्या औरंगाबादेहून) सुमारें तीस किलोमीटरांवर, प्रसिद्ध लेण्यांच्या शेजारींच हें देऊळ उभें आहे. बारा ज्योतिर्लिंगांची गणना ज्या देवापाशीं संपते तो हा देव. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेंत त्याची कथा येते. देवगिरि पर्वताजवळ, म्हणजे आजच्या दौलताबादेजवळ, सुधर्मा नांवाचा ब्राह्मण राहत असे. त्याची पत्नी सुदेहा. पोटीं मूल नाहीं. सुधर्म्यास याची फारशी खंत नव्हती. शेजारणींचीं बोलणीं खावीं लागत तीं सुदेहेला. शेवटीं तिनेंच हट्ट धरून नवऱ्याचें दुसरें लग्न घुश्मेशीं लावून दिलें. प्रचलित कथेंत घुश्मा ही सुदेहेची धाकटी बहीण. ती रोज मातीचीं एकशें एक लिंगें करी, त्यांची पूजा करी आणि जवळच्या तळ्यांत तीं विसर्जित करी. लक्ष लिंगें पुरीं झालीं, मुलगा झाला, वाढला, त्याचें लग्नहि झालें. आणि घरांत सून वावरूं लागली तसतसें आपण या घरांत कोणीच नाहीं, हें शल्य सुदेहेला सोसेना. एका रात्रीं तिनें मुलाला मारून त्याच तळ्यांत टाकलें. सकाळीं रक्तानें भिजलेलें अंथरूण पाहून सुनेनें आकांत केला. घुश्मा पूजेस बसली होती. ती पूजा पुरी करूनच उठली, लिंगें घेऊन तळ्यावर गेली, तों मुलगा काठावर उभा!

कथा सांगणारे बहुधा येथें थांबतात, आणि ऐकणारे हात जोडतात. आमच्या मतें कथेचा गाभा याच्या पुढें आहे. देव प्रकट होऊन सुदेहेवर त्रिशूळ उगारतो, तेव्हां घुश्मा तिला वांचविण्याचें मागणें मागते. दुसरें मागणें, देवानें लोकांच्या हितासाठीं येथेंच राहावें. म्हणून तो घुश्मेश, घुश्मेचा देव. आणि अखेरीस सुधर्मा, घुश्मा व सुदेहा अशीं तिघेंहि मिळून त्या लिंगाला प्रदक्षिणा घालतात. पुराणकारानें सुदेहेला घराबाहेर काढलें नाहीं, हें फार झालें. तिच्या हातून घडलें तें घोर. परंतु त्याची सुरुवात शेजारणींच्या टोमण्यांत आहे, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. आमच्या व्रतांच्या कहाण्यांतून आवडती-नावडतीचे इतके हिशेब होतात, पण असा शेवट क्वचितच आढळतो.

देवाच्या नांवाची दुसरीहि उपपत्ति वेरुळांत सांगतात. पार्वती तळहातावर कुंकू घेऊन शिवालय तीर्थाच्या पाण्यांत आंगठ्यानें तें घोटीत असतां त्यांतून ज्योत निघाली. घर्षणापासून घृष्णेश्वर, आणि कुंकवापासून कुंकुमेश्वर. व्युत्पत्ति म्हणून ही आम्हांस मागाहून सुचलेली दिसते. उच्चार एकदां रूढ झाला, म्हणजे त्याला साजेसें कारण शोधण्यास भाविकांना वेळ लागत नाहीं. तथापि हें कारणहि एका स्त्रीच्या तळहातावर येऊन थांबतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शेजारच्या कैलास लेण्याची तीच गोष्ट. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानें आठव्या शतकांत हें लेणें कोरविलें, असें आपण इतिहासांत वाचतों. कर्क सुवर्णवर्षाच्या इ. स. ८१२-१३ च्या बडोदें ताम्रपटांत तर, तें पाहून देव विस्मित झाले आणि आपल्या हातून हें झालें कसें याचें खुद्द शिल्पकारासहि नवल वाटलें, असें वर्णन आहे. उलट कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरु’ या मराठी ग्रंथांतली कथा अशी कीं, राजा एल आजारी असतां राणी माणिकावतीनें घृष्णेश्वराला नवस केला: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि त्याचें शिखर दृष्टीस पडल्यावांचून अन्न घेणार नाहीं. राजा म्हैसमाळच्या तळ्यांत न्हाऊन बरा झाला. पण देऊळ पायापासून बांधावयाचें तर शिखरास वर्षें लागणार, आणि राणी तर उपाशी! तेव्हां पैठणच्या कोकस नांवाच्या कारागिरानें डोंगर वरून खालीं खोदावयास घेतला, म्हणजे शिखर आधीं. कैलास वरून खालीं कोरलेला आहे, हें तर कोणाहि पाहणाऱ्याला दिसतें. ताम्रपट राजाचें वैभव सांगतो. कामाची ही उलटी रीत लोकांनीं एका उपाशी बाईशीं जोडून ठेविली.

देवळाच्या जीर्णोद्धारांत पहिलें नांव येतें तें वेरूळचे पाटील मालोजी भोसले, शिवाजीमहाराजांचे आजोबा, यांचें. आजचें लाल दगडाचें, चोवीस खांबांच्या सभामंडपाचें देऊळ मात्र अठराव्या शतकांतलें, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या आस्थेंतून उभें राहिलेलें. १७३४ मध्यें पेशव्यांनीं गौतमाबाईंच्या नांवें खासगी जहागीर दिली होती. ती पुढें सून अहिल्याबाईंकडे आली, आणि त्यांच्या देशभरच्या धर्मकृत्यांचा खर्च याच खासगींतून झाला. सासूनें देऊळ उभारिलें, सुनेनें तळें बांधिलें. शिवालय तीर्थाचें हें काम १७६९ चें: चोहोंकडून उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि त्यांवर आठ लहान देवळें. ज्या तळ्याच्या कांठीं घुश्मेला मुलगा परत मिळाला, असें लोक मानतात, तेंच हें तळें. अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा मालेराव १७६७ मध्यें वारला होता. कागदावांचून हेतु जोडूं नये, हा आमच्या धंद्याचा नियम आम्ही मोडीत नाहीं. तीं दोन वर्षें मात्र आम्ही शेजारीं शेजारीं मांडून ठेवतों.

पूजेचे प्रकार साधेच आहेत. पुरुषांनीं अंगांतला सदरा काढून उघड्या अंगानें गाभाऱ्यांत शिरावें, असा येथील दंडक. लिंगास स्वतःच्या हातानें स्पर्श करावा, त्यावर पाणी घालावें, ही मोकळीक स्त्रीपुरुष सर्वांना आहे. पुष्कळ मोठ्या क्षेत्रीं ती मिळत नाहीं. महाशिवरात्रीस देवाची पालखी शिवालय तीर्थावर स्नानास जाते. श्रावणी सोमवारींहि गर्दी मोठी असते. घुश्मेची मूळ पूजा, म्हणजे मातीचें लिंग करावें, पुजावें आणि पाण्यांत सोडून द्यावें, ती महाराष्ट्रांतल्या घरांत हरितालिकेला अजून होते. भाद्रपदांतल्या तृतीयेला बायका व मुली पाटावर वाळूचीं लिंगें मांडतात, दिवसभर उपास करतात, रात्रीं जागतात, आणि सकाळीं तीं विहिरींत किंवा नदींत सोडून येतात.