कोल्हापूरची पत्रं आणि आमच्या फोनवरची यादी



मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या बायांच्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. घरकुलाची यादी होती. पाच-सहा नावांवर लाल पेनाने रेघ मारलेली, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘पैसे आले नाहीत’. खाली एक छोटी सही. वर कोणीतरी लिहिलं होतं, ‘आतून फुटलेला कागद, सगळ्यांना पाठवा’. ती सही आमच्याच गटातल्या एका काकूंच्या सहीसारखी दिसत होती. काकू बायांचे अर्ज भरून द्यायच्या, त्यामुळे सगळ्यांना ते खरंच वाटलं. संध्याकाळी त्यांच्या दारात माणसं उभी राहिली. पुढचे दोन महिने काकू गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. आम्हीही बोलवायला गेलो नाही, हे आधीच कबूल करतो.

त्या दिवसांत आमच्यातली एक जण मुलीच्या पुस्तकातून टिळक-आगरकरांचा धडा वाचत होती. दोघं डोंगरीच्या तुरुंगात गेले, हे आम्हा सगळ्यांना शाळेपासून माहीत. पण कशासाठी गेले, असं विचारलं तर दोघी-तिघी म्हणाल्या, स्वराज्यासाठी. तसं नव्हतं. ते गेले एका फुटलेल्या कागदापायी. म्हणून आजचं बोलणं त्या कागदाबद्दल.

1881 सालच्या जानेवारीत पुण्यात दोन वर्तमानपत्रं निघाली, मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी त्यामागे होती. टिळक आणि आगरकर तेव्हा जेमतेम चोविशीतले. आपल्या घरात त्या वयाच्या पोराच्या हाती कोणी बैलजोडी देईल, पण सरकारशी भांडायला पाठवणार नाही. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. 1870 मध्ये राजाराम महाराज परदेशातून परत येताना इटलीत वारले. त्यानंतर लहान वयातच शिवाजी महाराजांना दत्तक घेऊन गादीवर बसवलं. कारभार मात्र इंग्रजांच्या देखरेखीखाली. संस्थानचे कारभारी होते रावबहादूर महादेव बर्वे. महाराजांना वेड लागलंय असं सरकार म्हणायचं. लोक म्हणायचे, वेड बीड काही नाही, त्यांना कोंडून ठेवून छळतात.

आता खरं काय ते बाहेरच्याला कळणार कसं? वाड्यात जायला मिळत नाही. सरकारी टिपणं कोणाला दाखवत नाहीत. डॉक्टर काय म्हणाला, पहारेकरी कोण, जेवण कोण देतं, काही समजत नाही. अशा वेळी पुण्यातल्या पत्रकारांच्या हाती काही पत्रं आली. ती बर्व्यांनीच लिहिली आहेत, असं सांगितलं गेलं, आणि त्यांतून महाराजांच्या जिवावर उठल्यासारखा अर्थ निघत होता. ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने जोरदार लिहिलं. लोक पेटले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन राहिले रामशेठ उरवणे, आणि ते घडवून आणलं जोतीराव फुल्यांनी. फुल्यांचं आणि ‘केसरी’चं किती बाबतींत पटत नव्हतं, ते तुम्ही ऐकून आहात. तरीही मुलांवर खटला झाला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. आम्हाला या सगळ्या प्रकरणात हे फार आवडतं.

खटला चालू असतानाच, 17 मार्च 1882 ला, विष्णुशास्त्री वारले. डोक्यावरचं माणूस गेलं. आणि कोर्टात उघड झालं की ती पत्रं बनावट होती. अक्षर बर्व्यांचं नव्हतंच. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, पण खटला मागे घेतला गेला नाही. 17 जुलै 1882 रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना तीनच दिवसांपूर्वी सव्वीस वर्षं पूर्ण झाली होती. टिळकांना सव्वीस पूर्ण झाली ती 23 जुलैला, डोंगरीच्या कोठडीत. शिक्षेत सूट मिळून 26 ऑक्टोबरला ते सुटले, एकशे एक दिवसांनी. स्वागताला गर्दी लोटली. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ते 101 दिवस आहेत. कोठडीत दोघं रात्र रात्र बोलत बसायचे. समाज आधी सुधारायचा की राज्य आधी मिळवायचं, हा त्यांचा वाद तिथलाच, आणि पुढे त्याच वादावरून त्यांची ताटातूट झाली. पण तो वेगळा विषय, कधीतरी सावकाश.

धडा इथे संपतो. आम्हाला मात्र दोन गोष्टी खुपत राहिल्या.

पहिली, बर्व्यांची. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं ते खटला भरणारा म्हणून. पण न लिहिलेल्या पत्रापायी ज्याच्या नावावर खुनाच्या कटाचा डाग आला, त्या माणसाने काय करायला हवं होतं? गप्प बसायचं? काकूंच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण होऊन आम्हाला हा प्रश्न सोडवेना. टिळक-आगरकर मोठे होते म्हणून त्यांची ती चूक लहान होत नाही.

दुसरी गोष्ट महाराजांची. पत्रं खोटी ठरली. मग लोकांना वाटत होतं तेही खोटं ठरलं का? महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. 25 डिसेंबर 1883 रोजी, ग्रीन नावाच्या पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय वीस. म्हणजे काळजी खरी होती, आणि हातातला पुरावा खोटा होता. खोट्या पुराव्याने काय केलं, तर कोर्टात सगळा वेळ अक्षर कोणाचं यात गेला. वाड्यात कोंडलेल्या पोराचं काय चाललंय, हा प्रश्न बाजूलाच पडला. त्यांच्यानंतर त्या गादीवर दत्तक आले ते आपले शाहू महाराज.

याच सुमारास सरकारने कागदाला कुलूप लावायचं ठरवलं. 1889 मध्ये कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिका’ने काश्मीरबद्दलचं सरकारचं गुप्त टिपण छापलं. हा कागद मात्र बनावट नव्हता. त्याच वर्षी सरकारी गुपितांचा कायदा आला. 1903-04 मध्ये लॉर्ड कर्झनने तो आणखी कडक केला, लष्करी गुपितांच्या जोडीला साधा नागरी कारभारही त्यात ओढला. त्याला कौन्सिलात विरोध केला आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. कायदा झालाच. 1923 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, आणि ती आजही लागू आहे.

आपल्या जालन्याकडे तर तेव्हा निजामाचं राज्य. सरकारी कागद उर्दूत. आमच्या आज्यांना कागद दाखवला असता तरी काय, लपवला असता तरी काय, दोन्ही सारखंच. अंगठा उमटवायचा आणि घरी यायचं.

कागद फोडण्याची आणखी एक गोष्ट सांगतो, ती दूरची आहे, पण एका बाईची आहे. 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर युद्ध केलं. इराक आफ्रिकेतल्या नायजर देशातून अणुबाँबसाठी युरेनियम मिळवायला बघतोय, असं आधी सांगितलं गेलं होतं. त्याचे जे कागद पुढे आले, ते बनावट आहेत असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने युद्धाच्या आधीच, मार्चमध्ये जाहीर केलं. युद्ध तरी झालंच. जोसेफ विल्सन नावाचे माजी राजदूत नायजरला जाऊन चौकशी करून आले होते. त्यांनी जुलैत वर्तमानपत्रात लिहिलं की आपल्याला तसं काही आढळलं नाही. आठ दिवसांनी दुसऱ्या एका स्तंभात छापून आलं की विल्सनची बायको, व्हॅलरी प्लेम, ही गुप्तहेर खात्यात आहे. ती काम करत होती ओळख लपवून. एका दिवसात तिचं काम संपलं. लिहिलं नवऱ्याने, आणि किंमत मोजली बायकोने. ही तऱ्हा आपल्याला काही नवी नाही.

नाव फोडलं कोणी, याची चौकशी बसली. एक पत्रकार बाई, ज्युडिथ मिलर, आपल्याला कोणी सांगितलं ते बोलेना म्हणून 85 दिवस तुरुंगात राहिली. 28 ऑक्टोबर 2005 रोजी उपराष्ट्राध्यक्षांचे प्रमुख सहायक लुईस लिबी यांच्यावर आरोप ठेवले गेले. आरोप नाव फोडल्याचा नव्हता, चौकशीत खोटं बोलल्याचा आणि अडथळा आणल्याचा होता. 2007 मध्ये ते दोषी ठरले, तीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि राष्ट्राध्यक्षांनी तुरुंगवास माफ केला. नाव फोडल्याबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

दोन्हीकडे सारखं काय, तर खरा कागद कुलपात आणि खोटा कागद बाजारात. लोकांनी खऱ्यावर विश्वास ठेवावा तर तो दिसत नाही. मग दिसेल त्यावर ठेवतात.

कुलूप थोडं उघडलं ते आपल्या डोळ्यांदेखत. राजस्थानात मजुरी करणाऱ्या बायाबापड्यांनी हजेरीपटाच्या प्रती मागत धरणं धरलं. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर 2003 मध्ये राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला मंजुरी मिळाली, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा लागू झाला. त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की गुपितांच्या जुन्या कायद्याशी विरोध आला तर माहितीचा अधिकार वरचढ. आणि कागद उघड करण्यातलं लोकांचं हित जास्त असेल, तर कार्यालयाला तो देता येतो.

आम्ही शेवटी तेच केलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, ते बरंच झालं, नाहीतर आमची कहाणीच संपली नसती. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. आम्हाला अपील करावं लागलं. मग शिक्क्याची प्रत मिळाली.

प्रपत्र ड ची यादी होती ती. फोनवरच्या फोटोतला क्रम तिच्याशी जुळत नव्हता. लाल रेघा नव्हत्या, काकूंची सहीही कुठे नव्हती. कोणीतरी जुन्या यादीवर लिहून फोटो काढला होता. कोणी, ते आम्ही शोधत बसलो नाही. पण ती प्रत दोनदा, बोट ठेवून वाचली, तेव्हा दिसलं की पडक्या घरात राहणाऱ्या तीन विधवा बायांची नावं यादीत नव्हतीच. त्या फोटोतही नव्हती. दोन महिने आम्ही रेघ मारलेल्या नावांवरून भांडत होतो, आणि या तिघींचं नाव कोणाच्या तोंडी आलं नव्हतं.

प्रत घेऊन आम्ही चौघी काकूंच्या घरी गेलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. काकूंनी चहा टाकला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मग त्यांनीच चष्मा लावून यादी हातात घेतली, खालपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘आणि ती वेशीजवळची? तिचं कुठंय?’

पुढच्या ग्रामसभेत तीन नावांसाठी अर्ज दिला. तिन्ही अर्जांचं अक्षर काकूंचं आहे. पोच घेतली आहे, प्रती गटाच्या पेटीत ठेवल्या आहेत.