पंधराशें तासांची वाट

अमेरिकेंत बफेलो शहराजवळ १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं एक प्रवासी विमान कोसळलें आणि ५० माणसें प्राणांस मुकलीं. मृतांच्या आप्तांनीं नेट धरला; २०१० सालीं कायदा झाला, व २०१३ पासून सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. पूर्वीं २५० तास पुरत असत. वस्तुतः त्या विमानाच्या दोन्ही चालकांचा अनुभव १५०० तासांहून अधिकच होता.

पुढें २०२० च्या साथींत प्रवासी आटले. खर्च वाचावा म्हणून कंपन्यांनीं हजारों वैमानिकांस मुदतपूर्व निवृत्तीस प्रवृत्त केलें. गर्दी २०२१ मध्यें परतली, तेव्हां खरी अडचण कळली. मोठ्या विमानाचा एक कप्तान गेला कीं लहान विमानावरचा त्याच्या जागीं येई, त्याच्या जागीं तिसरा. प्रत्येकास नव्या विमानाचें शिक्षण हवें, आणि शिक्षक व सरावाचीं यंत्रें तर मोजकीं! मोठ्या कंपन्यांनीं प्रादेशिक कंपन्यांचे वैमानिक ओढून घेतले. अखेर मार्च २०२२ मध्यें स्कायवेस्ट कंपनीनें वैमानिकांच्या अभावीं २९ लहान शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली.

धान्य कोठारांत सांठवितां येतें. कौशल्य तसें सांठवितां येत नाहीं. संकटाच्या वर्षीं वाचविलेला पगार पुढें तासातासानें फेडावा लागला.