कासेचे आरोग्य आणि नोंदींचे मौन : कळंब परिसरातील खिल्लार गाय

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात अलीकडे एक विधान वारंवार कानी पडते. पूर्वीच्या देशी गाईंना दगडी होत नसे. हा रोग संकरित गाईंबरोबर आला, असे ते विधान होय. जुन्या सरकारी कागदपत्रांत ह्या रोगाचा फारसा बोलबाला नाही, ही गोष्ट त्याच्या पुष्ट्यर्थ पुढे करता येण्याजोगी आहे. ह्या मौनाचा अर्थ कसा लावावयाचा, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी इंदापूर तालुक्यातील कळंब व त्याच्या आसपासचा नीराकाठ नजरेसमोर ठेवला आहे.

मूळ प्रश्न असा की, ह्या भागात गाय कशासाठी पाळली जात होती? कळंबहून दक्षिणेस नीरा ओलांडली की माळशिरस लागते, आणि त्यापुढे माण व आटपाडी हा खिल्लार जातीचा मूळ मुलूख. खिल्लार बैल चपळ, काटक आणि कोरडवाहू रानात दिवसभर चालणारा. गाईची किंमत ठरे ती तिच्या पोटी निपजणाऱ्या खोंडावरून. तिचे दूध मुख्यतः वासराचे. उरलेच तर घराचे. आखूडशिंगी, बहुदुधी गाय मागणारी म्हण आपल्या भाषेत सर्वतोमुखी आहे. ह्या भागातील गाय मात्र लांबशिंगी आणि अल्पदुधी, आणि तिच्या मालकाला त्याची खंत असल्याचे दिसत नाही. पाश्चात्त्य देशांत मांसासाठी पाळलेल्या हिअरफोर्ड किंवा अँगस गाईची स्थिती ह्या एका बाबतीत खिल्लारीशी मिळतीजुळती आहे. हेतू सर्वस्वी भिन्न. परंतु दोन्हीकडे गाईची धार काढून विकत नाहीत, वासरू कासेला लागते, आणि गाईचे ‘उत्पन्न’ म्हणजे वासरूच. त्यामुळे कास बिघडली तर हानी दुधाच्या मापात दिसत नाही. ती वासराच्या खुरटलेल्या अंगात दिसते.

व्याल्यानंतरचे पहिले काही दिवस कासेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. गाभण काळाच्या उत्तरार्धात भाकड कासेतील सडांच्या तोंडाशी एक नैसर्गिक बूच बसलेले असते. वीत जवळ आली की ते सैल होते, कासेत चीक दाटतो, कातडी ताणली जाते, आणि नेमक्या ह्याच सुमारास गाईची रोगप्रतिकारशक्ती मंदावते. शेणमुतातील जंतूंना आत शिरावयास ही संधी पुरते. वासरू दिवसातून अनेक वेळा पिऊन कास मोकळी करते, हा मोठाच बचाव होय. परंतु वासरू मेले, अशक्त निपजले, किंवा सड इतका सुजला की त्याच्या तोंडात मावेना, तर तो बचावही उरत नाही. मग कासेचा एखादा भाग दगडासारखा घट्ट होतो. ‘कासदाह’ हा शब्द ग्रंथांसाठी घडविलेला उघड दिसतो. ‘दगडी’ हा गोठ्यात कासेला हात लावून पाहणाऱ्याचा शब्द आहे. दूध वासरालाच पाजणाऱ्या गोठ्यांतही हा शब्द चालतो, ही बाब आमच्या मते दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आता नोंदींकडे वळू. हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1871 मध्ये निघाला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले. 1889 मध्ये पुण्यात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. ह्या साऱ्या उद्योगाच्या केंद्रस्थानी बुळकांडी होती, आणि ते योग्यच होते. कारण बुळकांडी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडी. दगडीने गाय क्वचित मरते. एक सड बंद पडतो आणि गाय उरलेल्या तिन्हींवर वासरू वाढविते. अशा रोगासाठी ना सारा बुडतो, ना मोहीम निघते. त्याच काळात, 1887 मध्ये, फ्रान्समध्ये नोकार व मोलरो ह्यांनी दुभत्या गाईंच्या कासेच्या सांसर्गिक दाहात साखळीजंतू असल्याचे दाखविले. शास्त्राची दृष्टी प्रथम कासेकडे वळली ती दूध विकले जाई तेथे, हा काही योगायोग नव्हे.

कळंबकडे ही परिस्थिती कालव्याच्या वाटेने आली. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला; पुढे 1930 नंतरच्या दशकात कळंबच्या शेजारी वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर वाढे आले, बारमाही ओला चारा आला. 1967 मध्ये मणिभाई देसाई ह्यांनी उरुळीकांचन येथे बाएफची स्थापना केली आणि गोठविलेल्या वीर्याने होल्स्टीन व जर्सी संकर खेडोपाडी पोचला. 1970 पासून दुग्धमहापूर योजनेने दुधाला बाजार दिला. औषधेही जवळ आली होती. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 मध्येच पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले होते. कॅलिफोर्नियात शाम व नूर्लँडर ह्यांनी 1957 मध्ये कासदाह ओळखण्याची सोपी चाचणी प्रसिद्ध केली, आणि साठच्या दशकात इंग्लंडातील संशोधकांनी धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे व गाय आटविताना सडात औषध सोडणे ह्यांवर भर दिला. दूध मोजले जाऊ लागले, तसा रोगही मोजला जाऊ लागला.

मग प्रारंभीचे विधान निखालस खोटे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. खिल्लार गाईची कास लहान व अंगाला बिलगलेली, दूध थोडे, आणि ते वासरू वारंवार पिणारे. तेव्हा संकरित गाईपेक्षा तिला धोका कमी, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘कमी’ आणि ‘नव्हताच’ ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर नोंदींच्या मौनाने भरून काढणे हा इतिहासलेखनातील दोष होय.

ह्या दोषाचे व्यावहारिक परिणामही आहेत. जार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, ही समजूत अनेक ठिकाणी अद्याप टिकून आहे. वास्तविक वासराच्या चोखण्याने गाय पान्हा सोडते, त्याच क्रियेने गर्भाशय आकुंचन पावते व जार सुटण्यास साहाय्यच होते. समजुतीपायी कास तासन् तास तुंबून राहते आणि वासरू चिकाला मुकते. देशी गाईला दगडी होतच नाही असे मानणारा मालक अशा वेळी कासेला हात लावून पाहण्याचीही तसदी घेत नाही.

बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणलेली बंदी डिसेंबर 2021 मध्ये उठली आणि 2023 च्या निकालाने शर्यतींना कायदेशीर मान्यता मिळाली. तेव्हापासून जातिवंत खिल्लार खोंडाचा भाव वधारला आहे. त्याची आई पुन्हा वासरासाठीच दूध देते. ते दूध संकलन केंद्रावर जात नाही. त्यामुळे तिची कास चाचणीच्या ताटलीपर्यंत पोचत नाही, आणि तिच्या बंद पडलेल्या सडाची नोंद आजही कोणत्याच वहीत होत नाही.