मत्स्य सहकार व मत्स्यप्रशिक्षण, नाशिक जिल्हा

नाशिक जिल्ह्यातील धरणे, पाझर तलाव आणि शेततळी यांत मासे वाढवून पकडणाऱ्या सहकारी संस्था, त्यांना पाणी ठेक्याने देणारा राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि मत्स्यशास्त्र शिकविणाऱ्या संस्था यांच्या कामाचे क्षेत्र. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. येथील मासेमारी पूर्णपणे गोड्या पाण्यातली आहे आणि तीही बहुतांशी माणसाने अडविलेल्या पाण्यातली.

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. दारणा, कादवा आणि गिरणा या जिल्ह्यातल्या इतर मोठ्या नद्या. गिरणेवरील चणकापूर (१९११), गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वर (बांधकाम १९०७–१३) आणि दारणा (१९१६) ही कामे ब्रिटिश अमदानीतली. गोदावरीवरील गंगापूर हे मातीचे धरण १९६५ मध्ये आणि नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. ही सारी धरणे सिंचनासाठी आणि शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधली गेली. गिरणेचे पाणी मुख्यत्वे जळगावच्या शेतीला जाते, इगतपुरीतील ऊर्ध्व वैतरणेचे मुंबईला आणि दुष्काळी वर्षी गंगापूर-दारणा समूहातून जायकवाडीसाठीही पाणी सोडावे लागते. आवर्तन (धरणातून पाणी सोडण्याची पाळी) कधी सुटणार हे जलसंपदा विभाग ठरवितो. मच्छीमाराने बीज सोडलेले असते, मासा अर्धा किलोचा व्हायचा असतो आणि एप्रिलमध्ये पाणी मृतसाठ्याशी येऊन ठेपते. नाशिकच्या मत्स्यव्यवसायाची मूळ अडचण ही आहे: ज्याचे पोट पाण्यावर, त्याला पाण्याच्या वेळापत्रकात आवाज नाही. आवर्तन ठरविणाऱ्या बैठकीत शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसोबत मच्छीमार संस्थेलाही जागा मिळायला हवी.

सहकार. मच्छीमारांच्या सहकाराची देशातील सुरुवात महाराष्ट्रातलीच. १९१३ मध्ये रत्नागिरीकडे स्थापन झालेली कर्ला मच्छीमार सहकारी संस्था ही भारतातील पहिली मच्छीमार सहकारी संस्था मानली जाते. आजच्या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदल्या जातात. गावपातळीवर प्राथमिक संस्था, त्यावर जिल्ह्याचे व राज्याचे संघ आणि दिल्लीत राष्ट्रीय मच्छीमार सहकारी महासंघ (फिशकॉपफेड) अशी रचना आहे. घाटावरच्या संस्थांचे सभासद प्रामुख्याने भोई, कोळी, महादेव कोळी आणि भिल्ल समाजांतले असतात. जलाशयाचा ठेका मिळाल्यावर संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, ठरलेल्या संख्येने बोटुकली (बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्ले) सोडायची आणि उत्पादनाची नोंद ठेवायची, असा व्यवहार आहे.

कागदावर सोपी वाटणारी ही व्यवस्था भांडवलापाशी अडते. जाळी, होडी, बीज आणि ठेक्याची रक्कम हे सगळे हंगामाच्या आधी लागते. मासा मात्र सहा-आठ महिन्यांनी येतो. मधल्या काळात व्यापारी उचल देतो आणि मग भावही तोच ठरवितो. पुष्कळ ठिकाणी ठेका संस्थेच्या नावावर, मासे मात्र व्यापाऱ्याचे, अशी गत होते. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही खुले झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाह्याची तरतूद आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हे लाभ हाती पडण्यासाठी संस्थेचे दप्तर स्वच्छ लागते, आणि म्हणून सचिवाला हिशेब, लेखापरीक्षण व प्रस्ताव लिहिणे शिकविणे हे जाळे विणणे शिकविण्याइतकेच निकडीचे आहे. प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांत याला मिळते त्याहून बरीच अधिक जागा मिळायला हवी.

प्रशिक्षणाचा विषय. संमिश्र मत्स्यसंवर्धन हा पाया. कटला व चंदेरा पाण्याच्या वरच्या थरात चरतात, रोहू मधल्या, मृगळ व सायप्रिनस तळाशी आणि गवत्या पाणवनस्पती खातो. त्यामुळे एकाच पाण्यात एकमेकांच्या तोंडचा घास न काढता ते वाढतात. बीजाच्या अवस्था ओळखणे ही पुढची पायरी: नुकतेच जन्मलेले मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि शेवटी बोटुकली. मोठ्या धरणात जिरे सोडणे म्हणजे मरळ, शिंगाळा अशा मांसभक्षक माशांना खाऊ घालणे. तेथे बोटापेक्षा लांब, ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली लागते. सोडायची वेळही नेमकी हवी. पुराचे पाणी सांडव्यावरून वाहत असताना सोडलेले बीज खाली निघून जाते.

बीज सोडण्याची कृती पाहिली की या कौशल्याचा अंदाज येतो. प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि वर प्राणवायू भरून बोटुकली येते. पिशवी फोडून लगेच ओतायची नसते. बांधलेलीच ती पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान सारखे होते. मग तोंड सोडून तलावाचे पाणी थोडेथोडे आत घ्यायचे आणि पिशवी आडवी धरून बीज आपणहून बाहेर जाईल असे पाहायचे. हे काम सकाळच्या गारव्यात किंवा सांजेला उरकतात. घाई केली की दुसऱ्या दिवशी काठाला पांढऱ्या पोटांची रेघ लागते आणि संस्थेचे वर्ष तेथेच बुडते.

शेततळी. नाशिकचे वेगळेपण येथे आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड, देवळा, येवला, सिन्नर या पट्ट्यात द्राक्ष, डाळिंब आणि कांद्यासाठी शेतकऱ्यांनी प्लास्टिक अस्तराची शेततळी खोदली. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांना वेग आला. साठवलेल्या पाण्यात मासे सोडले तर जोडउत्पन्न मिळते, हा विचार सरळ आहे, पण त्यात खाचाखोचा आहेत. अस्तरामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, नैसर्गिक खाद्य कमी तयार होते आणि बाहेरून खाद्य द्यावे लागते. नैसर्गिक खाद्य वाढविण्यासाठी शेण टाकले तर शेवाळ माजून ठिबकच्या गाळण्या तुंबतात. ओढजाळे फिरविताना अस्तर फाटण्याची धास्ती असते. द्राक्षबागेवर फवारणी झाल्यावर पंप तळ्यात विसळला, तर सगळे मासे एका दुपारीत जातात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागले, म्हणजे प्राणवायू कमी पडला आहे, पाणी उपसून पुन्हा उंचावरून सोडले पाहिजे, हे शेतकऱ्याला कुणीतरी तळ्याच्या काठावर उभे राहून दाखवावे लागते; पुस्तिकेने ते साधत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेले बीज नाशिकच्या थंडीत सावकाश वाढते, आणि द्राक्षांच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी लागू लागते तेव्हा तळे उपसले जाते. म्हणून मासे मार्चपर्यंत विकावयास तयार होतील असा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो.

शेततळ्याचा मालक एकटा असतो. सहकार त्याला नव्या रीतीने उपयोगी पडतो. एका गावातल्या दहा-वीस तळ्यांनी बीज एकत्र मागविले आणि मासळी ठरवून आळीपाळीने काढली, तर वाहतूक परवडते आणि बाजारात भाव पडत नाही. मच्छीमार संस्थांकडे जाळ्याचे कसब आहे, शेतकऱ्यांकडे पाणी आहे. दोघांना एका वर्गात बसविणे सहज शक्य आहे.

शेजारचा दाखला. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरील डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या महादेव कोळी व कातकरी कुटुंबांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने मच्छीमार सहकारी सोसायटी उभारली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने तेथे पिंजऱ्यांत बोटुकली वाढविण्याचे तंत्र शिकविले. बाहेरून बोटुकली विकत आणण्याऐवजी लहान बीज जलाशयातल्याच पिंजऱ्यात मोठे करायचे आणि मग धरणात सोडायचे, अशी ही पद्धत आहे. ‘शाश्वत’ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. हक्क, संघटना आणि शास्त्र ही तिन्ही एकाच लोकांच्या हाती आल्याचे राज्यातले हे ठळक उदाहरण होय. नाशिकच्या पश्चिमेकडील आदिवासी तालुक्यांची परिस्थिती याच्याशी पुष्कळ जुळते.

शिक्षणसंस्था व आशियाई धागा. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने सुरू झाली आणि १९८९ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव, तसेच नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत. नाशिक विभागात, म्हणजे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव व नंदुरबार या पाच जिल्ह्यांत, तलावांचा एवढा विस्तार असून प्रशिक्षणासाठी लोकांना लांब जावे लागते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि त्याचे कृषी विज्ञान केंद्र नाशकातच आहेत. मुक्त शिक्षणाची पद्धत मच्छीमाराच्या हंगामाला साजेशी आहे.

आज नाशिकच्या तलावात पडणारे कटला-रोहूसारख्या कार्प माशांचे बीज ज्या शोधामुळे मिळते, तो १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी लावला: पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन. चौधरी पुढे आग्नेय आशियातील देशांतही हे ज्ञान शिकवीत राहिले. १९९० पासून स्वतंत्र आंतरशासकीय संघटना म्हणून काम करणारे आशिया-प्रशांत मत्स्यसंवर्धन केंद्रांचे जाळे (नाका) बँकॉकहून चालते. भारत त्याचा सदस्य असून भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था त्याचे येथील प्रमुख केंद्र आहे. चंदेरा व गवत्या हे मासेही १९५९ मध्ये पूर्व आशियातूनच भारतात आले.

देवाणघेवाणीला दुसरी बाजूही आहे. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापिया, आपल्याकडची चिलापी, गोदावरी खोऱ्यात पसरला. आफ्रिकी मागूर माशावर केंद्राने २००० मध्ये बंदी घालूनही त्याची चोरटी शेती महाराष्ट्रात वारंवार सापडते. कोणते बीज घ्यायचे नाही, हेही म्हणून शिकवावे लागते.

स्थानिक जाती. देवळालीजवळ दारणा नदीत सापडलेल्या एका लहान माशाचे वर्णन सुंदरलाल होरा व के. एस. मिश्रा यांनी १९३८ मध्ये केले आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेतील एस. एच. प्रेटर यांच्यावरून त्याला नाव दिले. देवळाली मिनो म्हणून ओळखला जाणारा हा मासा आज अतिसंकटग्रस्त आहे. नांदूरमध्यमेश्वर २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्या स्थळाच्या वर्णनात या माशाचा उल्लेख आवर्जून होता. खवल्या, वाम, मरळ यांसारख्या ओळखीच्या माशांचीही पकड कुठे किती होते, हे जाळे टाकणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते. संस्थेच्या उत्पादन नोंदवहीत कटला-रोहूच्या किलोंशेजारी या स्थानिक जातींसाठी एक रकाना वाढविला आणि तो भरायला प्रशिक्षणात शिकविले, तर दारणा-गोदावरीच्या माशांची विश्वासार्ह माहिती दरवर्षी गोळा होऊ शकेल, आणि त्यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाचा खर्चही लागणार नाही.