ज्याँ-क्लोद कारिएर : पडद्यामागचा कथेकरी

पटकथा हा सुरवंट आणि चित्रपट हे फुलपाखरू, असे ज्याँ-क्लोद कारिएर सांगत. फुलपाखरू उडाल्यावर सुरवंटाची आठवण कोणी ठेवत नाही. तरीही कादंबरीकार, नाटककार आणि अभिनेता असलेल्या या फ्रेंच लेखकाने सुमारे सहा दशके प्रामुख्याने इतरांच्या चित्रपटांसाठी लिहिले आणि त्यात कमीपणा मानला नाही.

दक्षिण फ्रान्समधील कोलोंबिएर-सूर-ऑर्ब या खेड्यात १७ सप्टेंबर १९३१ रोजी द्राक्षबागायतदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४५ मध्ये आईवडिलांनी पॅरिसलगत कॅफे चालवायला घेतला. इतिहासाचे शिक्षण घेतलेल्या कारिएर यांची पहिली कादंबरी १९५७ मध्ये आली. पाठोपाठ जाक ताती यांच्या चित्रपटांवरून कादंबऱ्या लिहिण्याचे काम मिळाले. तातींच्या संकलिका सुझान बारों यांनी त्यांना संकलनयंत्रापाशी बसवले. एका बाजूला पटकथा, दुसऱ्या बाजूला फिल्मचे रीळ. इथून तिथे कसे पोहोचायचे, एवढाच काय तो प्रश्न, हा त्यांचा पहिला धडा. तातींकडेच भेटलेल्या पिएर एतेक्स यांच्यासमवेत केलेल्या लघुपटाला १९६३ मध्ये ऑस्कर मिळाले.

त्याच वर्षी स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांच्याशी गाठ पडली. बुन्युएल यांनी आधी काय विचारले, तर वाइन घेता का! द्राक्षमळ्यात वाढलेल्या कारिएर यांना उत्तर जड गेले नाही. ‘बेल द जूर’, ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’ यांसह सहा चित्रपट या जोडीने केले. दोघे प्रसंग एकमेकांना सांगत, करून दाखवत. कारिएर यांच्यातला नट तेथे कामी आला. ‘डायरी ऑफ अ चेंबरमेड’मध्ये (१९६४) ते धर्मगुरूच्या भूमिकेत पडद्यावरही दिसले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले बुन्युएल यांचे आत्मकथनही शब्दबद्ध केले ते कारिएर यांनीच. पुढे ‘द टिन ड्रम’, ‘दाँतों’, ‘सिरानो द बेर्जराक’ अशी मोठी नावे त्यांच्या खात्यावर जमा होत गेली.

भारताशी त्यांचे नाते जुळले ते महाभारतामुळे. संस्कृतचे अभ्यासक फिलिप लाव्हास्तीन यांच्या तोंडून कारिएर आणि दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी ही कथा ऐकली. दशकभराच्या मेहनतीनंतर १९८५ मध्ये आव्हिन्यों महोत्सवात दगडाच्या खाणीत नऊ तासांचा प्रयोग झाला. त्यावर आधारित १९८९ च्या चित्रपटात मल्लिका साराभाई द्रौपदी होत्या. या प्रयोगावर भारतात कठोर टीका झाली. समीक्षक रुस्तुम भरुचा यांनी हे महाकाव्य त्याच्या संस्कृतीपासून तोडल्याचा आक्षेप घेतला. गीता तर काही क्षणांतच आटोपली होती. आक्षेप निराधार नव्हते. मात्र व्यासांना रंगमंचावर आणून एका मुलाला कथा सांगायला लावण्याची कारिएर यांची कल्पना कीर्तन ऐकलेल्या प्रेक्षकाला परकी वाटण्याजोगी नाही.

२०१४ मध्ये मानद ऑस्कर आणि २०१५ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.